खिळा नसलेली भिंत

ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. वाळू तुडवत आम्ही पलीकडच्या बांधावर चढलो तेव्हा शिवम्मामावशीनं डोक्यावरची बुट्टी उतरवली, चुंबळ झटकली आणि पदरानं मान पुसत मला म्हणाली, "दमलीस व्हय गं? आजून गुरुबसप्पाचं रान ऱ्हायलंय. लांब हाय, पन त्याच्याकडं खोली हाय."

दमले होते हे खरंच. चपलेचा अंगठा तुटला होता, तो सुतळीनं बांधून मी चालत होते. सकाळी लातूर सोडलं होतं आणि आता ऊन कलायला लागलं होतं. कव्हा गावाच्या अंगाला एका शेतातून दुसऱ्या शेतात आम्ही दोघी भाड्याची खोली शोधत फिरत होतो. रानात खोली शोधणाऱ्या बायका कुणी पाहिल्या नसतील. पण तो दिवस येळवसेचा होता, आणि येळवसेला लातुरातले सगळे घरमालक रानात असतात.

हे मला ठाऊक नव्हतं. मी हदगावची. आमच्याकडे हा सण नाही. कचेरीला सुटी आहे एवढंच मला सांगितलं होतं, आणि मी मनाशी म्हटलं, सण म्हणजे माणसं घरी असणार, गोडधोड खाऊन मन निवांत असणार, खोली विचारायला याहून बरा दिवस कुठला. म्हणून सकाळीच अंघोळ करून, माहूरच्या आईचं नाव घेऊन मी बाहेर पडले. गल्लीच्या गल्ली फिरले. प्रत्येक दाराला कुलूप. दुकानं बंद, हॉटेलं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. मला वाटलं गावात काही दंगाधोपा तर झाला नाही ना. एका बोळात तेवढी एक म्हातारी दाराची कडी ओढताना दिसली. डोक्यावर बुट्टी, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मी तिला विचारलं, मावशी, इथं कुठं भाड्यानं खोली आहे का.

तिनं आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग हसायला लागली. "आज? आज घरमालक रानात, भाडेकरू रानात. घराला काय इच्चारतीस, ते मुकं हाय."

ती शिवम्मामावशी. तिच्याबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती, तरी लोक 'नवा जिल्हा'च म्हणत. उस्मानाबादेहून एकेक कचेरी आली, तिच्यामागं साहेब आले, कारकून आले, शिपाई आले, त्यांची बिऱ्हाडं आली. घरं होती तेवढीच. लोकांनी ओसरीला पत्रा ठोकून खोल्या केल्या, गोठे झाडून खोल्या केल्या. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. खेड्यातली माणसंही पाण्यामागं आणि कामामागं शहरात आली. खोली विचारायला गेलं की मालकीण भाडं सांगण्याआधी विचारायची, पाणी किती घागरी लागतं. आणि त्याच्याही आधी विचारायची, मालक कुठं असतात.

माझे मालक देवाघरी गेले होते. हदगावला ते नोकरीत होते, त्यांच्या जागी मला घेतलं आणि नेमणूक दिली लातूरची. आवक-जावकच्या टेबलावर मी बसत होते. राहत होते एका लांबच्या पाहुण्याच्या व्हरांड्यात, दोरीवर लुगडं टाकून आडोसा केलेला. माझी रेणू, सहा वर्षांची, हदगावला सासू-सासऱ्यांजवळ. सासरे शेषेराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला एकच सांगितलं होतं, "दाराला आतून कडी लागंल असं घर पहा, मंग लेक न्या. संक्रांतीपर्यंत वाट पाहून राहिलो. नाही तर तिला इथंच शाळेत घालतो, मग मधातून उचलायची नाही." त्यात चूक काही नव्हती. पण संक्रांत जवळ आली होती आणि मला माहीत होतं, एकदा का पोरगी तिथं रुळली की ती मला सुटीत भेटणारी पाहुणी होईल.

हे सगळं मी त्या बोळातच शिवम्मामावशीला सांगून टाकलं. ती उभ्यानं ऐकत होती. मग म्हणाली, "मी बी घरच शोधायले. शंकरप्पा म्हनलाय संक्रांतीला खोली मोकळी कर, तिथं कुनी साहेब येनार हाय. चल, रानात जाऊ. आज मालक हातात घावत्यात."

शंकरप्पा तिचा घरमालक. त्याच्यावर तिचा राग नव्हता. त्याची पोरगी लग्नाला आलेली, साहेब भाडं जास्त देणार, मग तो तरी काय करील, असं तिचंच म्हणणं. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. ती एकट्या राहणाऱ्या कारकुनांना भाकरी करून द्यायची, त्यावर तिचं चालायचं. तिची भाकरी थाळीएवढी आणि पदरासारखी पातळ. कारकून मंडळी बदली होऊन गेली तरी तिच्या भाकरीचं नाव काढायची.

वाटेनं तिनं मला येळवस समजावली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात कोपी घालायची, म्हणजे कडब्याची खोपटी. आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, ते पांडव. त्यांना आंबील, शेंगदाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असा नैवेद्य. आंबील म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, ते आदल्या दिवशीच गाडग्यात आंबायला घालतात. आणि मुख्य म्हणजे बांधावर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. ओळखीचा असो, नसो. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो.

"मला तर लई रानं," मावशी म्हणाली. "जितक्या घरात भाड्यानं ऱ्हायले, तितकी रानं माझी."

मला वाटलं ती थट्टा करते. पण पहिल्याच शेतात पाहिलं, कोपीतली बाई तिला बघून उठून पुढं आली, "आव्वा, उशीर केलास" म्हणून, आईला म्हणावं तसं, तिच्या डोक्यावरची बुट्टी उतरवून घेतली. त्यांच्या घरात मावशी पूर्वी भाड्यानं राहत होती. दुसऱ्या शेतात तसंच. मला नवल वाटलं. घर सोडलेल्या भाडेकरूचं नाव मालक कसं घेतो ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

मी विचारलं तेव्हा तिनं सहज सांगितलं. घर सोडायच्या दिवशी ती सगळी जमीन सारवून काढायची. चूल पोतारायची. उंबऱ्याला हळदकुंकू, कोनाड्यात मिठाचा खडा, आणि येणाऱ्यासाठी एक घागर भरून ठेवायची. "नवं बिऱ्हाड येतंय, लेकरंबाळं तहानेली असत्यात. आल्या आल्या हीर कुठं म्हनून कुनाला इच्चारावं?" एवढंच तिचं कारण. मालकांना ते दिसायचं. मालकिणी आपल्या पोरीसुनांना तिचं उदाहरण द्यायच्या.

पण ओळख एवढी असूनही खोली मिळेना. व्यंकट नावाच्या माणसाच्या शेतात आम्हाला पोटभर वाढलं, आणि मग तो म्हणाला, आव्वा, तू मागच्या आठवड्यात यायचंस, परवाच एका जीपवाल्या साहेबाला दिली. त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, मला विचारलं गाव कुठलं, माहेर कुठलं, मालकांना काय झालं होतं, दिसायला कसे होते. सगळं ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला, आणि म्हणाली की एकट्या बाईला ठेवलं तर आमच्या गल्लीचं तोंड कोण धरणार. पुढच्या शेतात तर कोपीच नव्हती. कडबा गुरांना पुरेना म्हणून त्या माणसानं पाच दगड नुसतेच बाभळीच्या सावलीला मांडले होते. त्याच्याकडं आम्ही खोलीचं नावसुद्धा काढलं नाही. मावशीनं आपल्या बुट्टीतल्या दोन भाकरी त्याच्या बायकोच्या टोपल्यात सरकवल्या आणि आम्ही उठलो.

तर असं करत करत आम्ही तो कोरडा ओढा ओलांडला होता.

बांधावर बसून मी चपलेची सुतळी पुन्हा बांधत होते. मी म्हटलं, मावशी, मी तर उगंच तुमच्यामागं फिरून राहिले, तुमचंच काम होऊन जाईल तेवढं बघा.

"फिरून ऱ्हायली, बघून ऱ्हायली," ती माझ्या बोलण्याची नक्कल करत म्हणाली. "तुमच्या हादगावात नुसतंच ऱ्हायली ऱ्हायली म्हनत्यात, ऱ्हायला खोली न्हाई ती न्हाई." मला त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

मग ती बोरीच्या सावलीत जरा टेकली आणि तिनं आपल्या मालकाचं, गुरुलिंगचं, सांगितलं. उदगीरकडचा माणूस, आडतीत हमाल. ती दोघं तरुणपणी लातूरला आली ती भाड्याच्याच खोलीत. तो गेला तेव्हा घरमालकाच्या अंगणात लग्नाचा मांडव उभा होता. हळद लागलेली. तिच्या समाजात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, भस्म लावून, घरातल्या भिंतीला पाठ टेकवून बसवतात, फुलांनी सजवतात, समोर भजन होतं. मग बसल्या बसल्याच विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून नेतात आणि हातात लिंग देऊन मातीत ठेवतात. घरमालक हात जोडून म्हणाला, बाई, आजचा दिवस माझ्या दारात नको, पोरीचं लग्न आहे. त्याचं तरी काय चुकलं, असं मावशी इथंही म्हणाली. मग हमालांनी गुरुलिंगला उचलून आडतीत नेलं आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकवून बसवलं.

"जल्मभर पोती वाह्यली त्यानं," ती म्हणाली. "शेवटाला बी पोत्यालाच टेकला. सारखा एका अंगाला कलायचा. पोतं मऊ असतंय, भिंतीवानी न्हाई."

ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. चालता चालता एवढंच म्हणाली, तिला स्वतःसाठी दुसरं काही नको, फक्त शेवटी टेकायला एक भिंत असावी. म्हणूनच ती घर शोधताना दार बघायची नाही, खिडकी बघायची नाही. आत शिरली की आधी भिंतीला तळहात लावून बघायची.

गुरुबसप्पाच्या रानात पोचायला तिसरा प्रहर झाला. त्याचं गावात भांड्यांचं दुकान, घरामागं ओळीनं खोल्या काढलेल्या. त्याची कोपी कडब्याची नव्हतीच. चार तुराट्या रोवून त्यावर जुनी लुगडी टाकली होती, हिरवं, लाल, जांभळं. उन्हात ती लुगडी अशी उजळली होती की मला ती कोपी त्या दिवसातली सगळ्यात देखणी वाटली. त्याची आई रत्नम्मा आत बसली होती, डोळ्यांनी अधू. सून जगदेवी वाढत होती. मावशीनं वाटेतच बजावलं होतं, आंबील पिऊन होईस्तोवर खोलीचं नाव काढायचं न्हाई. आम्ही हात जोडून 'शरणार्थ' म्हटलं आणि बसलो. आंबील पातळ होती, ताक कुठून येणार त्या वर्षी. पण थंड होती, आणि मी दोन वाट्या प्यायले.

मग मावशीनं वाटी खाली ठेवली. "गुरुबसप्पा, कडंची खोली रिकामी हाय म्हनं."

"हाय," तो म्हणाला. "पन आव्वा, तुला न्हाई देता येत."

"का रं?"

तो मान खाली घालून ढेकळं फोडत होता. तसाच म्हणाला, "तुझं वय झालंय. बाकीच्या खोल्यांत बाहेरगावचे लोक हाईत. उद्या काय बरंवाईट झालं तर तुला दारात बसवावं लागंल. भजन, लोकं. ते मला आधीच म्हनालेत, म्हातारं मानूस ठेवनार असाल तर आमी जातो." मग माझ्याकडं वळला. "अन् ताई, तुमाला एकटीला देता येत न्हाई. वाईट वाटून घेऊ नका. लोक बोलत्यात."

आतून रत्नम्माचा आवाज आला. "गळ्यात लिंग बांधलंस अन् इटाळ मानतूस व्हय रं? तुझ्या बापाला बसवलं तवा हिनंच भस्म लावलं होतं."

"आव्वा, मी कुठं मानतो. भाडेकरू मानत्यात," तो आईला म्हणाला.

"मंग त्यांचंच काईतरी बांध की गळ्यात."

जगदेवीनं तोंडाला पदर लावला. गुरुबसप्पा हसला नाही. तो अडचणीत होता हे मला दिसत होतं. त्याला मावशीबद्दल आदर होता आणि खोल्यांचीही काळजी होती. मी मनातल्या मनात रेणुकामातेला म्हटलं, आई, आता तुझ्या लेकराचं तू बघ. मला वाटलं झालं, इथूनही उठायचं.

शिवम्मामावशी उठली नाही. तिनं गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरली.

"गुरुबसप्पा, आमी दोघी मिळून ऱ्हातो. मी असले की ही एकटी न्हाई, ही असली की मी एकटी न्हाई. हिचं लेकरू येईल, तुझ्या अंगनात खेळंल. अन् मी लिंगाला हात लावून सांगते, तुझ्या दारात मी बसनार न्हाई. माझी येळ आली की त्याच्या आधी मी खोलीतून निघंन. तुझी आंबील प्यालेय, तिच्यावर सांगते."

दोघींनी मिळून राहायचं हे आमचं ठरलेलं नव्हतं. आम्ही सकाळीच तर भेटलो होतो. मी तिच्याकडं बघत राहिले. थोड्याच वेळापूर्वी ती मला म्हणाली होती की तिला टेकायला भिंत सोडून दुसरं काही नको, आणि ती भिंतच तिनं उचलून देऊन टाकलं होतं, न बघितलेल्या माझ्या पोरीसाठी.

रत्नम्मा नुसती "येडी" म्हणाली.

गुरुबसप्पानं हातातलं ढेकूळ टाकलं. हात झटकले. एकदा रानाकडं बघितलं, वीतभर वाढून सुकलेल्या ज्वारीकडं. मग म्हणाला, "भिंतीत खिळा ठोकायचा न्हाई. अन् हिरीच्या पान्याचा नंबर पाळायचा."

तेव्हा मला कळलं की खोली मिळाली.

संक्रांतीच्या आधी मी हदगावला जाऊन रेणूला आणलं. शेषेरावांनी मला विचारलं, कडी आहे ना दाराला? मी म्हटलं, कडी आहे आणि कडीच्या आत एक म्हातारीही आहे. ते एकदा येऊन बघून गेले. मावशीच्या हातची भाकरी खाल्ली आणि जाताना रेणूच्या हातात पाटी देऊन गेले. मला त्यातच सगळं मिळालं.

शंकरप्पाची खोली सोडताना मावशीनं नेहमीसारखंच केलं. त्या दुष्काळात, घागरीसाठी भांडणं होत होती तेव्हा, तिनं येणाऱ्या साहेबासाठी घागर भरून ठेवली. ज्याच्यामुळं तिला उठावं लागलं त्याच्यासाठी. मी बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, त्यानं काय केलं, तो बी भाडेकरूच की.

आमच्या खोलीत दोन चुली होत्या. मावशीची दीक्षा झालेली, येळवसेचा दिवस सोडला तर ती आपल्या हातचंच खायची. एका कोपऱ्यात तिची चूल, दुसऱ्यात माझी, आणि रेणू दोन्हीकडं जेवायची. सकाळी मावशी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, मी माझ्या माहूरच्या आईला दिवा लावायची. आईची तसबीर टांगायला खिळा नव्हता, म्हणून ती पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेली. रेणू मावशीला आव्वा म्हणायला लागली. माझ्या बोलण्यातही आता 'करायले' यायचं आणि हदगावला गेले की जावा हसायच्या. खोलीत भांडणं झाली नाहीत असं नाही. ती फार लवकर उठायची आणि भाकरी थापायची, त्या आवाजानं माझी झोप मोडायची. मी मिठाला हात सैल सोडते म्हणून ती मला बोलायची. पण मी कचेरीतून यायला उशीर झाला तर ती रेणूला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी असायची, पोरगी कडेवर मावेना एवढी झाली तरी.

गुरुबसप्पानं नंतर तिला दोनदा सांगितलं, आव्वा, तो शब्द सोड, मी काही तुला बाहेर काढणार नाही. जुने भाडेकरू बदलून गेले होते, नवे साधे होते. तिनं ऐकलं नाही. लिंगाला हात लावून सांगितलंय, आता माझ्या हातात काय आहे, असं म्हणायची. एकदा तिला जोराचा ताप आला तेव्हा ती वळकटी बांधून दाराशी बसून राहिली, रिक्षा बोलाव म्हणून. मी आणि गुरुबसप्पानं मिळून तिला आत आणलं.

पुढं मी कर्ज काढून गावाबाहेर जागा घेतली आणि दोन खोल्या नि एक ओसरी एवढं घर बांधलं. मावशी आमच्याबरोबर आली. गुरुबसप्पाची खोली तिनं आणि मी मिळून सारवली. घागर मी भरली.

आमच्या ओसरीतल्या पूर्वेच्या भिंतीत खिळा नाही. इतर भिंतींवर आम्ही हौसेनं सगळं टांगलंय, माहूरची आई, रेणूच्या लग्नाचा फोटो, कॅलेंडर, पिशव्या. ती एक भिंत कोरी. पाहुणे विचारतात, इथं एखादी देवाची तसबीर का लावत नाही. मावशी आमच्याकडं काही वर्षं राहिली आणि एका श्रावणात गेली. तिला त्या भिंतीला टेकवून बसवलं. तिचे सगळे जुने घरमालक आले होते, शंकरप्पा, व्यंकट, आणखी कितीतरी, ज्यांची नावं मला माहीत नव्हती. भस्म मी लावलं. मी त्यांच्या समाजातली नाही, पण कुणी काही बोललं नाही. विमान उचलायला पहिला खांदा गुरुबसप्पानं दिला. ती सरळ बसली होती. कुठल्याच अंगाला कलली नव्हती.

हे सगळं ठरलं होतं त्या येळवसेला, रानातून परतताना.

सूर्य खाली गेला होता. शेताशेतातून लोक पेटते पेंढे घेऊन बांधाभोवती फिरवत होते, ओलगे ओलगे अशा सणाच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. गाड्या लातूरच्या वाटेला लागल्या होत्या. एका गाडीवाल्यानं आम्हाला बसा म्हटलं, मावशी नको म्हणाली. माझी चप्पल आता अगदीच गेली होती, ती मी हातात घेतली होती. खोली मिळाल्याचा आनंद मला होता, पण तो मोकळेपणानं होत नव्हता. शेवटी मी विचारलं, मावशी, तुम्हाला तेवढं एकच हवं होतं, मग तोच शब्द कशाला दिलात.

तिनं बुट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझ्याकडं द्यायला तेवढंच होतं की गं," ती म्हणाली. "भाकरीवर कुनी खोली देत न्हाई."

आम्ही ओढ्यात उतरलो. वाळू अजून कोमट होती. पलीकडं चढताना मी तिला हात दिला. तो तिनं धरला आणि वर आल्यावरही सोडला नाही.

"तारा, जल्मात मी एक खिळा ठोकला न्हाई. सगळ्या मालकांची तीच अट. पदर अडकवायला, लुगडं वाळवायला, कशालाच न्हाई. तू शिकलेली हाईस, सरकारी नोकरी हाय. आज न्हाई उद्या घर बांधशील, बारकं का असंना. तवा पायजे तितके खिळे ठोक. तुझ्या माहूरच्या आईला टांग, लेकीचा फोटो टांग. मी काय म्हननार न्हाई. फकस्त वसरीतली एक भिंत माझ्यासाठी ठेव, पक्की बांधलेली. तिच्यात खिळा ठोकू नको. मेल्यावर टोचत नसंल, पन आत्ताच इच्चार केला तर पाठीला टोचतंय बघ."